वेणी घालणारा मुलगा, त्याचे बाबा आणि माझ्या वर्गातल्या दोन रांगा

शिशुवर्गाची_ताई (मंगळवार पेठ, कोल्हापूर)

नमस्कार. अकरा वर्षं झाली, मी मंगळवार पेठेतल्या एका बालवाडीत शिकवते. तीन ते साडेपाच वर्षांची चोवीस मुलं, मी आणि मदतीला एक मावशी. प्रश्न विचारण्याआधी काय घडलं ते सविस्तर सांगते, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना अंदाज येईल.

माझ्या वर्गात साडेचार वर्षांचा एक मुलगा आहे. त्याच्या घरी चपलांचं काम चालतं. आजी दिवसभर उंबऱ्याशी बसून वादीच्या, म्हणजे चामड्याच्या बारीक पट्ट्यांच्या, वेण्या घालते आणि हा तिच्या मांडीला चिकटूनच मोठा झालाय. आमच्या भातुकलीच्या कोपऱ्यात लोकरीच्या केसांची एक कापडी बाहुली आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा तो तिच्यापुढे जाऊन बसला. केसांचे तीन पेड केले, मधला पेड अंगठ्याखाली दाबून धरला आणि डावा आत, उजवा आत असं करत खालपर्यंत वेणी घातली. शेवटी एक लोकरीचा धागा ओढून काढला, दोन वेढे देऊन गाठ मारली आणि वेणी चिमटीत धरून ओढून बघितली, घट्ट झाली का म्हणून. मी मागे उभी राहून बघत होते. आमच्याकडून पहिलीत गेलेल्या कितीतरी मुलांना बुटाची नाडी बांधता येत नाही. पेन्सिल धरायला बोटांत जी ताकद लागते ती यावी म्हणून आम्ही मणी ओवायला देतो, कणीक मळायला देतो. ती ताकद या मुलाच्या बोटांत आधीच होती, आणि ती त्याला घरातून मिळाली होती.

दुसऱ्या दिवसापासून मुली रिबिनी घेऊन त्याच्यापुढे ओळीनं बसायला लागल्या. त्याला मान आला. जो मुलगा महिनाभर तोंड उघडत नव्हता तो "हलू नको गं" म्हणून दटावायला लागला.

आठवड्याभरानं त्याचे बाबा आले. भांडायला नव्हे, पण चेहरा उतरलेला. म्हणाले, "ताई, पोरींच्या वेण्या घालतंय म्हणून गल्लीतली पोरं हसायला लागल्यात त्याला. बॉल द्या, गाड्या द्या. त्या बाहुलीजवळ बसू देऊ नका." मी म्हटलं, "अहो, वेणी तर तुमच्या घरचंच काम आहे की." तर म्हणाले, "ते बायका करत्यात. मी कातडं कापतो."

त्या वेळी मला काही सुचलं नाही. "बरं, बघते" म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला हाताला धरून ठोकळ्यांकडे नेलं. तो निमूट आला. ठोकळे रचले मात्र नाहीत. एक ठोकळा हातात धरून बसून राहिला, बाहुलीकडे बघत. हे मी केलं. त्याच्या बाबांनी सांगितलं असेल, पण हाताला धरून नेलं ते मी, आणि ते मला अजून सलतंय.

मग मी स्वतःकडे बघायला लागले. मावशींना एक वही दिली आणि सांगितलं, आठवडाभर मी कुणाला कशासाठी हाक मारते ते टिपून ठेवा. शनिवारी वही उघडली. खुर्च्या हलवायला, सतरंजी ओढायला, वरच्या फळीवरचं काढायला मी जवळजवळ प्रत्येक वेळी मुलग्याला हाक मारली होती. सांडलेलं पुसायला आख्ख्या आठवड्यात एकाही मुलग्याला बोलावलं नव्हतं. मुलींना "किती गोड दिसतेस, नवा फ्रॉक का?" आणि मुलग्यांना "शाब्बास पैलवान!" मुलगी गप्प बसली की "शहाणी". मुलगा गप्प बसला की "आज बरं नाही का रे?" आणि दिवसातून पाच-सहा वेळा, आत येताना, हात धुवायला, खाऊला, घरी जाताना, "मुलग्यांची रांग इकडे, मुलींची रांग इकडे". हे मला कुणी शिकवलं नाही. मी बालवाडीत होते तेव्हा आमच्या बाई असंच म्हणायच्या, ते तसंच माझ्या तोंडात आलं.

त्याच आठवड्यात एक मुलगा घसरगुंडीवरून पडला. गुडघा चांगला सोलला होता. ओठ दाबून माझ्याजवळ आला आणि कानात विचारलं, "ताई, रडू का?" चार वर्षांच्या मुलाला रडायला परवानगी लागते, आणि ती तो माझ्याकडे मागतो. कारण "मुलगा असून रडतोस?" हे त्यानं याच वर्गात, माझ्याच तोंडून ऐकलेलं आहे.

आकाशकंदिलाचंही आठवलं. मुलींना गुलाबी कागद, मुलग्यांना निळा, असे गठ्ठे मी आधीच करून ठेवले होते. एकीनं निळा मागितला तर "तुझा हा" म्हणून मी गुलाबीच हातात दिला. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावरून आमचे घरचे सगळे बापे येतात ते डोक्यापासून पायापर्यंत गुलालात न्हालेले असतात. तो गुलाबी रंग आठवडाभर कानामागून निघत नाही आणि त्याला पोरींचा रंग कुणीही म्हणत नाही. मग माझ्या वर्गात तो पोरींचा कधी झाला?

आता मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. वर्गातल्या या सवयी बदलायच्या कशा, रोजच्या धबडग्यात टिकतील अशा? आणि त्या बाबांशी बोलायचं कसं? त्यांना दुखवायचं नाही. ते माझे शत्रू नाहीत, मुलाच्या काळजीनंच आले होते. पण मुलाच्या हातातली कला माझ्या वर्गात मरावी हेही मला सहन होणार नाही.


निवृत्त_मुख्यसेविका (कागल)

ताई, तुम्ही वही केलीत, अर्धं काम तिथंच झालं. माझी सगळी नोकरी एकात्मिक बालविकास योजनेत गेली, आधी सेविका म्हणून, मग मुख्यसेविका म्हणून. माझ्या देखरेखीखालच्या प्रत्येक अंगणवाडीत मी ही रांग बघितली आहे आणि बरीच वर्षं मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

आधी बाबांचं बोलते. आमच्या प्रशिक्षणात बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांचं काम शिकवायचे. १९४५ साली त्यांनी त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. बालवाडी काढली पण पाड्यावरची मुलं येईनात. धाकट्या भावंडांना सांभाळायचं, शेळ्या राखायच्या, येणार कशी? तेव्हा बाईंनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथून आला. तुमच्या बाबतीत मूल शाळेत येतंय, बाप येत नाही. तर शाळा बापाच्या अंगणात न्या. तो काम करतो तिथं जा, त्याच्या वेळेला जा. तुमच्या बालवाडीत त्या बुटक्या खुर्चीवर बसवून त्याला समजावू नका. तिथं तो तक्रार करणारा पालक असतो. त्याच्या जागेवर तो कारागीर असतो.

आणि खरं सांगा, त्याच्याशी याआधी तुम्ही कधी बोलला होतात का? आमच्या सगळ्या बैठका माता बैठका. पोषण, लसीकरण, वजन, सगळं आईला सांगायचं. बापाला कधी बोलवायचंच नाही आणि मग त्याला मुलाचं काही कळत नाही म्हणायचं, असं आम्ही वर्षानुवर्षं केलं.

रांगेचं तसं सोपं आहे. पुठ्ठ्याचे बिल्ले करा, चिमणी, खार, कासव, ससा. प्रत्येक गटात मुलगे-मुली मिसळून घाला आणि महिन्यानं गट बदला. "कासव गट हात धुवायला" म्हटलं की झालं. पहिले पंधरा दिवस जुनं वाक्य तोंडात येईल. मुलंच आठवण करून देतील, त्यांना हे फार आवडतं.

कोपऱ्यांची मांडणी बघा. भातुकली एका भिंतीला, ठोकळे आणि गाड्या दुसऱ्या भिंतीला, मध्ये कपाट, असं असेल तर ते कपाट हलवा. एका गावात आमच्या सेविकेनं जागा कमी पडते म्हणून दोन्ही खेळ एकाच सतरंजीवर आणले. मी भेटीला गेले तेव्हा ठोकळ्यांचं घर झालं होतं, घरात चूल मांडली होती, ट्रकमधून भाजी येत होती आणि एक पोरगा ट्रक थांबवून "किती माणसं जेवायला हायत?" म्हणून आत विचारत होता. कुणी काही शिकवलं नव्हतं. मधली भिंत तेवढी गेली होती.

भाषणं देऊ नका. "मुलगेसुद्धा स्वयंपाक करतात बरं का" हे तीन वर्षांच्या पोराच्या डोक्यावरून जातं. त्याला लसूण सोलायला द्या. मटार सोलायला द्या. मुलींना हातोडी द्या, लाकडाची का असेना. "आपले मदतनीस" हा तक्ता भिंतीवर असेल तर एकदा नीट बघा, त्यात शिक्षिका आणि नर्स सोडून बाई आहे का? आमच्या तक्त्यात नव्हती. मग एकदा आम्ही एसटीच्या बाई कंडक्टरना अंगणवाडीत बोलावलं. त्यांनी खऱ्या मशिनमधून प्रत्येकाला तिकीट काढून दिलं. पुढं कितीतरी दिवस मुली कंडक्टर आणि मुलगे प्रवासी असा खेळ चालू होता.

"शहाणी" या शब्दाबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून मी थांबले. मीसुद्धा गप्प बसणाऱ्या मुलीलाच शहाणी म्हणत आले. प्रश्न विचारणाऱ्या मुलीला शहाणी म्हणायला पाहिजे होतं.


पेठेतला_बाप (शिवाजी पेठ)

ताई, मी शिक्षक न्हाई. दोन लेकरांचा बाप हाय. तालमीत वाढलो, पेठेच्या टीमकडनं फुटबॉल खेळलो. म्हणून त्या गड्याची बाजू सांगतो, रागावू नका.

त्यो पोराला भीत न्हाई, कट्ट्याला भितोय. आपल्याकडं संध्याकाळी चार गडी बसलं की कुणाच्या पोराचं काय चाललंय ते निघतंच. एखादा काय बोलला तर पोराचा बाप हसून घालवतो, पण घरी जाऊन पोरावर खेकसतो. माझ्या बापानं माझ्यावर केलंय, मी माझ्या पोरावर केलंय. ल्हान असताना ते पोरगं बहिणीची बांगडी घालून आलं, मी सगळ्यांसमोर हातातनं काढून घेतली. तीन वर्षाचं हुतं. ते रडलं बी न्हाई, नुसतं हात मागं घेतला. अजून आठवतंय.

माझं डोळं उघडलं ते पोरीमुळं. पोरगी आता सहा वर्षाची. चालायला लागल्यापासून बॉलला लाथ मारती, डाव्या पायानं. मी शाहू स्टेडियमला मॅचला घेऊन जातो तर माझ्या आधी ऑफसाइड म्हणून ओरडती. गेल्या वर्षी तिच्या शाळेत क्रीडादिन झाला. शाळेचं नाव घेत न्हाई. पोरांना बॉल लाथाडत न्यायची शर्यत आणि पोरींना लिंबू-चमचा. माझी पोरगी पोरांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. बाईंनी हाताला धरून बाजूला काढली, "तुझी शर्यत ती नव्हं" म्हणाल्या. तिनं चमचा हातात घेतलाच न्हाई. घरी येताना गाडीवर पुढं बसली हुती, मला म्हणाली, "बाबा, मी पोरगा झाल्यावर खेळू काय?" मी गाडी रंकाळ्याला बाजूला लावली. काय सांगू तिला?

ज्या गावात तेजस्विनी सावंत, राही सरनोबतसारख्या पोरींनी बंदूक धरून जगाला हरवलं, त्या गावात माझ्या पोरीच्या हातात चमचा देत्यात. आमच्या मर्दानी खेळाच्या आखाड्यात पोरी दांडपट्टा फिरवत्यात, लोक टाळ्या वाजवत्यात. आणि शाळेत लिंबू-चमचा.

तर तुम्ही त्या गड्याकडं जावा. पण पोराचं नाव आधी काढू नका. त्याला त्याचं काम विचारा. आणि जमलं तर हे बोला, की बायकांचं काम म्हणून जे म्हणतोय त्यात आपलं गडी कुठं नाहीत? गुऱ्हाळावर काहिलीपुढं कोण उभा असतो? गुळव्या, बाप्याच की. जत्रेला शंभर माणसांचं मटण कोण शिजवतंय? लग्नात आचारी कोण? पैसा मिळाला की ते गड्याचं काम, घरात केलं की बायकांचं. हे मला माझ्या आईनं एकदा सुनावलं हुतं.


जुळ्यांची_आई (राजारामपुरी)

मला थोडं वेगळं वाटतं. माझी जुळी आहेत, एक मुलगा, एक मुलगी, आता चार वर्षांची. आम्ही दोघांना सगळी खेळणी सारखी आणली. तरी ही बाहुलीला झोपवते आणि तो पोळपाट-लाटणं घेऊन त्याची बंदूक करतो. नवरा आणि मी दोघंही नोकरी करतो, स्वयंपाकही वाटून करतो. म्हणजे घरात त्यांनी काही वेगळं पाहिलेलं नाही. मग हे कुठून आलं? काही गोष्टी उपजतच असतील तर त्यात ढवळाढवळ करून आपण मुलांना गोंधळात तर पाडत नाही ना? आणि परवा तो बहिणीला म्हणाला, "केस कापलेस तर तू मुलगा होशील." हे त्याला कुणीच सांगितलेलं नाही. खरंच विचारतेय, वाद घालायचा नाही.


अध्यापक_विद्यालयातला (कोल्हापूर)

मी डी.एल.एड.च्या, म्हणजे प्राथमिक शिक्षक होऊ पाहणाऱ्या, विद्यार्थ्यांना बालमानसशास्त्र शिकवतो. जुळ्यांच्या आईंचा प्रश्न महत्त्वाचा आहे, तिथूनच सुरुवात करतो.

तुमच्या मुलाचं ते वाक्य या वयाचं अगदी नेहमीचं वाक्य आहे. दोन-अडीच वर्षांचं मूल स्वतःला मुलगा किंवा मुलगी म्हणायला शिकतं. पण केस, कपडे, खेळ बदलले तरी आपण तेच राहतो, ही समज पक्की व्हायला पाच-सात वर्षांचं व्हावं लागतं. मधल्या काळात मुलाला खरोखर वाटतं की फ्रॉक घातला तर मी मुलगी होईन. म्हणून या वयात मुलं एकमेकांवर पहारा ठेवतात, "ए, हे मुलींचं आहे" म्हणून ओरडतात. ती दुष्ट नसतात, नियम शोधत असतात. आणि नियम कुठून शोधतात? घरातून, आजोबांकडून, मोबाईलवरच्या जाहिरातीतून, बागेतल्या दुसऱ्या मुलांकडून, आणि आपल्या, म्हणजे शिक्षकांच्या तोंडून. तुमच्या मुलीला बाहुली आवडते, आवडू द्या. तिच्या हातातली बाहुली काढून ट्रक देणं ही तीच चूक दुसऱ्या बाजूनं होईल. उपजत किती आणि शिकलेलं किती यावर अभ्यासकांत वाद आहेत. पण बालवाडीपुरता तो वाद मिटण्याची वाट बघायची गरज नाही. आवड मुलाची असू दे, कुंपण आपण घालायचं नाही, एवढंच आपल्या हातात आहे.

आता ताईंच्या दोन रांगांबद्दल. लेसी हिलियर्ड आणि लिन लिबेन या संशोधकांचा एक प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातले बालवर्ग होते, मुलं तीन ते पाच वर्षांची. काही वर्गांतल्या शिक्षकांना सांगितलं, तुम्ही मुलगे-मुली असा उल्लेख सतत करा, रांगा वेगळ्या करा, चित्रं लावायचे फलक वेगळे करा. पण कुणी हुशार, कुणी नाजूक असं काहीही बोलायचं नाही. बाकीच्या वर्गांत हा भेद टाळायचा. दोनच आठवडे. तेवढ्यात पहिल्या वर्गांतल्या मुलांच्या मनातले "हे मुलग्यांचं, ते मुलींचं" असे साचे वाढले आणि मुलगे-मुली एकमेकांशी कमी खेळायला लागले. शिक्षकांनी एकही वाईट शब्द उच्चारला नव्हता. नुसत्या रांगा होत्या. ताई, मी हे वर्गात शिकवतो तेव्हा विद्यार्थी म्हणतात, सर, रांगेनं काय होतंय? तुमची वही मला त्यांना दाखवावीशी वाटते.

दुसरा अभ्यास २०१७ चा, लिन बियान आणि सहकाऱ्यांचा, तोही अमेरिकेतलाच. मुलांना "फार फार हुशार" माणसाची गोष्ट सांगितली आणि त्यातला हुशार कोण ते चित्रांतून निवडायला सांगितलं. पाच वर्षांच्या मुली बाईचं चित्र दाखवत होत्या, मुलगे पुरुषाचं. सहा-सात वर्षांच्या मुली मात्र बाईकडे बोट दाखवायला मागे सरल्या. त्याच मुली, शाळेत मार्क कुणाला चांगले मिळतात असं विचारलं की मुलींचंच नाव घेत होत्या. म्हणजे अभ्यासू मुलगी, पण हुशार मात्र मुलगा. आपल्या "शहाणी" आणि "पैलवान"ची ही पुढची पायरी आहे असं मला वाटतं, आणि ती पहिलीच्या वर्गात जाईपर्यंत चढून झालेली असते. म्हणून बालवाडीतली वर्षं हातची घालवून चालत नाहीत.

बाबांशी बोलताना सरकारी पुस्तकाचा आधार घ्या, आपल्याकडे छापलेल्याला वजन असतं. बालभारतीनं २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघं बसून भाजी निवडताना दाखवले आहेत. तेव्हा त्यावर वर्तमानपत्रांतून बरीच चर्चा झाली होती. ते पान दाखवा आणि काही बोलू नका.

आणखी एक. तुमच्या प्रवेश अर्जावर एकदा नजर टाका. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं नाव असा क्रम राज्य सरकारनं ठरवला आहे. ती मुलं तीन वर्षांची होतील तशी बालवाडीत येणार आहेत. अर्जात "वडिलांचा व्यवसाय" आणि "डबा कोण देणार: आई" असं छापलेलं असेल तर ते आत्ताच बदलून घ्या.

लीलाताई पाटलांनी १९८५ साली आपल्याच गावात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. मुलाच्या अनुभवातून शिकणं सुरू व्हावं यासाठी त्या आयुष्यभर झटल्या. तुमच्या वर्गातल्या त्या मुलाचा अनुभव म्हणजे त्याची वेणी. तिथूनच मोजणी शिकवा की. तीन पेड, डावा-उजवा, आत-बाहेर, लांब-आखूड, सैल-घट्ट. पूर्वगणिताची निम्मी शब्दसंपदा त्याच्या बोटांत आहे.


शिशुवर्गाची_ताई (मंगळवार पेठ, कोल्हापूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय, कारण काहीतरी करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

बिल्ले केले. चिमणी, खार, कासव, ससा. पहिल्याच दिवशी माझ्या तोंडून "मुलींची रांग" निघालं आणि खार गटातली एक म्हणाली, "ताई, मुलींची नाही, खारींची!" मागचे दोन दिवस एकदाही चुकले नाही. मधलं कपाट हलवलं. पालकांच्या ग्रुपचं नाव "नर्सरी मम्मीज" होतं, ते "चिमणी-खार-कासव-ससा" केलं आणि चोवीस बाबांचे नंबर घालायला घेतले. एकोणीस मिळाले. दोन घरांत बाबा नाहीत, तिथं एका मामांचा आणि एका आजोबांचा घातला. अकरा वर्षांत हे नंबर माझ्याकडे कधी नव्हते.

गुडघा सोललेल्या मुलाला मी आता सांगितलंय, दुखलं की विचारायचं नाही, रडायचं. त्यानं अजून प्रयोग करून बघितलेला नाही. बघू.

रविवारी त्या बाबांच्या घरी गेले. आधी फोन करून विचारलं, ते म्हणाले, या. मी त्यांना म्हटलं, चप्पल कशी होते ते मला पहिल्यापासून दाखवा. त्यांनी रापीनं, म्हणजे चामडं कापायच्या हत्यारानं, तळ कसा कापतात, कान कसे बसवतात, वेणी सैल राहिली तर पट्टा कसा लवकर सुटतो, हे सगळं दाखवलं. तासभर. बालवाडीत माझ्यासमोर ज्यांना दोन वाक्यं धड बोलवत नव्हती ते हेच होते यावर विश्वास बसेना. मुलगा आजीजवळ बसला होता. मी विचारलं, "तुम्हाला वेणी येते?" ते गप्प राहिले. आजी खाली बघूनच म्हणाल्या, "येतीय की. ह्याच्यायेवढा असताना माझ्यासंगं दिवसाला दहा-दहा घालायचा. शाळंत पोरं चिडवाय लागली आन् सोडलं त्यानं." बाबांनी रापी खाली ठेवली नाही, वरही बघितलं नाही. कापतच राहिले.

पेठेतल्या दादांनी लिहिलेली बांगडीची गोष्ट मला तिथं आठवली. मी काहीच बोलले नाही. पुस्तकातलं पानसुद्धा पिशवीतून काढलं नाही.

निघताना त्यांनी एका पिशवीत वादीचे उरलेले तुकडे भरून दिले. म्हणाले, "ह्याची घालू दे. बाहुलीची नको." मी पिशवी घेतली.

त्या वादीवर सध्या नऊ मुलं बसतायत, चार मुलगे, पाच मुली. तो सगळ्यांना शिकवतो. मधला पेड अंगठ्याखाली कसा दाबायचा हे कुणाला जमलं नाही की त्याचं बोट धरून दाबून दाखवतो. आजी परवाच्या गुरुवारी स्वतः येऊन बसल्या. पण बाहुलीजवळ तो जात नाही. जाता जाता तिच्या केसांवरून हात फिरवतो आणि पुढे जातो. मला कळत नाही, मी बाबांचा शब्द पाळतेय की मुलाला अर्धवट सोडतेय. वादी चालते कारण ते धंद्याचं काम, बाहुली चालत नाही कारण ते पोरींचं, ही रेघ मी मान्य केल्यासारखं झालं का?


पेठेतला_बाप (शिवाजी पेठ)

ताई, त्यानं स्वतःच्या हातानं पिशवी भरून दिली. हे लई हाय. आमच्यातला गडी तोंडानं चुकलो म्हणत न्हाई, हातानं म्हणतो.


निवृत्त_मुख्यसेविका (कागल)

वादी चालू ठेवा. बाहुली आहे त्याच जागी राहू द्या, कपाटात ठेवू नका आणि त्याच्या पुढ्यातही नेऊन ठेवू नका. तो उद्या आपणहून तिच्याजवळ बसला तर उठवू नका, आणि बाबांनी विचारलं तर खरं ते सांगा, लपवू नका.

पुढची पालकसभा त्यांचं दुकान उघडायच्या आधी, सकाळी ठेवा. भाषण नको. सतरंजीवर चार गट करा, बाबांना मुलांच्या शेजारी बसवा, आणि वादी वाटा. पहिला पेड कसा धरायचा ते सगळ्या बाबांना तो मुलगाच दाखवेल. त्याचे बाबा कुठल्या गटात बसतात ते मला कळवा.